आन्मा : एका व्यवसायनामाचा कायदेशीर इतिहास

एखाद्या व्यवसायास परवाना आवश्यक ठरविणाऱ्या कायद्याने त्या व्यवसायाची व्याख्या प्रथम करावी, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. अंगमर्दनाविषयीच्या जपानी कायद्याने ती पुरी केलेली नाही. परवाना कोणी घ्यावा हे तो सांगतो. ज्या क्रियेसाठी तो घ्यावयाचा, ती नेमकी कोणती हे सांगत नाही. या मौनाचा अर्थ व्यवसायाच्या पूर्वेतिहासावरून उलगडतो.

‘आन्मा’ हा शब्द दाबणे व चोळणे या अर्थांच्या दोन चिनी लिपिचिन्हांनी बनलेला आहे. तोकुगावा राजवटीत (१६०३–१८६८) हे काम मुख्यत्वे अंधांचे मानले जाऊ लागले. सुगियामा वाइची (१६१०–१६९४) या अंध सूचिवैद्याने अंधांच्या शिक्षणाची सोय केली. ‘तोदोझा’ या अंध पुरुषांच्या संघास राज्याचे संरक्षण होते. १८७१ मध्ये तो संघ मोडण्यात आला आणि परंपरागत संरक्षण संपले. पुढे १९११ च्या नियमांनी परीक्षा व परवाना आवश्यक केला. मात्र परवान्याचे दोन वर्ग पाडून दुसरा केवळ अंधांसाठी राखला.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांच्या लष्करी प्रशासनाचा कल हे पारंपरिक उपचार बंद करण्याकडे होता. अंध व्यावसायिकांनी त्यास विरोध केला. अखेर डिसेंबर १९४७ मध्ये २१७ क्रमांकाचा कायदा संमत झाला. वैद्यांखेरीज ज्यांना आन्मा, सूचिचिकित्सा वा दहनचिकित्सा हा व्यवसाय करावयाचा असेल, त्यांस परवाना आवश्यक ठरला; इतर वैद्यकसदृश उपचारांचा धंदा करण्यास मनाई झाली.

या कायद्याच्या शब्दयोजनेतील फेरफार लक्षणीय आहेत. १९४७ मध्ये ‘आन्मा’पुढे कंसात ‘मसाज धरून’ असे होते. १९५५ मध्ये त्या कंसात ‘शिआत्सु’, म्हणजे बोटांनी दिलेला दाब, याची भर पडली. १९६४ मध्ये कंस गेला व तिन्ही शब्द मिळून व्यावसायिकाचे एकच नाव झाले. म्हणजे अर्थविस्तार झाला तो व्याख्येने नव्हे, तर नामावलीने. नामावलीत नसलेल्या नावाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे महत्त्व १९६० च्या निर्णयाने वाढले. विद्युत्-उपकरणाने उपचार करणाऱ्या एका इसमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, वैद्यकसदृश उपचारांवरील मनाई आरोग्यास अपाय होण्याचा संभव असलेल्या कृत्यांपुरतीच आहे. अन्यथा व्यवसायस्वातंत्र्याचा संकोच होईल. निर्णयाचा विषय आन्मा नव्हता. तथापि ‘सेइताइ’ किंवा ‘रिलॅक्सेशन’ अशा नावांनी, परवान्यावाचून चालणाऱ्या दुकानांना त्याने अवकाश दिला.

उलट १९६४ च्या दुरुस्तीतील १९ व्या कलमाने अंधांची उपजीविका बिकट होऊ नये म्हणून डोळसांसाठी नव्या आन्मा-शाळांस मान्यता नाकारण्याचा अधिकार शासनास दिला, तोही ‘तूर्त’ या शब्दाने. ते ‘तूर्त’ अर्धशतकाहून अधिक टिकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनासंमत ठरविले.

सारांश, कायद्याने शाळेचे दार राखले, परंतु शब्दाची सीमा आखली नाही. परवान्याचे नाव सोडून तेच काम दुसऱ्या नावाने करणारा डोळस स्पर्धक त्या दाराशी जातच नाही. ज्यांच्यासाठी हे संरक्षण योजिले, त्या अंधांच्या उपजीविकेची सुरक्षितता अशा रीतीने एका न केलेल्या व्याख्येवर अवलंबून राहिली आहे.