१४२८५७ (संख्या)

१४२८५७ (एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न) ही १४२८५६ नंतरची आणि १४२८५८ पूर्वीची नैसर्गिक संख्या आहे. ती चक्रीय संख्या म्हणून प्रसिद्ध असून कापरेकर संख्या व हर्षद संख्याही आहे. तिचे गुणधर्म पुष्कळदा अंकांची जादू म्हणून सांगितले जातात. वस्तुतः त्यांतील बहुतेकांचे मूळ ७ ने केलेल्या साध्या भागाकारात आहे.

सामान्य गुणधर्म

ही विषम व संयुक्त संख्या आहे. तिचे मूळ अवयव ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ असे असून तिला एकूण ३२ विभाजक आहेत.

चक्रीय गुणधर्म

१ ते ६ या संख्यांनी गुणले असता तेच सहा अंक त्याच चक्राकार क्रमाने येतात.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

७ ने गुणल्यास मात्र ९९९९९९ हा गुणाकार येतो.

१/७ चे अखंड आवर्ती दशांश रूप ०.१४२८५७१४२८५७… असे आहे. १ पासून भागाकार सुरू केला की ३, २, ६, ४, ५ अशा बाक्या क्रमाने उरतात आणि नंतर पुन्हा १ उरते. ७ ने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात व त्या सर्व या एकाच साखळीत येतात. २/७ काढणे म्हणजे त्याच साखळीत २ या बाकीपासून प्रारंभ करणे होय. म्हणून अंक तेच राहून केवळ आरंभस्थान बदलते. १३ च्या बाबतीत असे घडत नाही: १/१३ मध्ये ०७६९२३ हा, तर २/१३ मध्ये १५३८४६ हा निराळाच गट येतो.

कापरेकर संख्या

देवळाली येथील शालेय शिक्षक व गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांत हिचा समावेश होतो. अशा संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केल्यास मूळ संख्या मिळते.

१४२८५७ चा वर्ग = २०४०८१२२४४९
२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

याचेही कारण ७ हेच आहे. १४२८५६ = ७ × २०४०८ आणि १४२८५७ × ७ = ९९९९९९. म्हणून १४२८५७ × १४२८५६ = ९९९९९९ × २०४०८. यात १४२८५७ मिळवले की तिचा वर्ग मिळतो. ९९९९९९ हे दहा लाखांहून एकाने कमी असल्याने तो वर्ग २०४०८ × १०००००० + (१४२८५७ − २०४०८) असा मांडता येतो. कंसातील वजाबाकी १२२४४९ आहे.

हर्षद संख्या

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, हे नाव कापरेकर यांनीच दिले. १४२८५७ च्या अंकांची बेरीज २७ असून १४२८५७ = २७ × ५२९१.

अशा इतर संख्या

१७, १९ आणि २३ या मूळ संख्यांपासूनही चक्रीय संख्या मिळतात. १७ पासून ०५८८२३५२९४११७६४७ हा सोळा अंकी गट मिळतो. १० पेक्षा मोठ्या संख्येने १ ला भागल्यास दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक शून्यच येतो. त्यामुळे दशमान पद्धतीत अशा रीतीने मिळणाऱ्या अनेकअंकी चक्रीय संख्यांपैकी शून्याने सुरू न होणारी १४२८५७ ही एकमेव होय.