पाककृतीचा लुप्त कर्ता

मराठी वाङ्मयेतिहासाने पाकपुस्तकाला उपयुक्त लेखनाच्या कपाटात ठेवले आणि तो विषय संपला असे मानले. वास्तविक पाककृतीइतके आपल्या वाचकाविषयी निःशंक असलेले गद्य मराठीत क्वचितच आढळेल. तिचे क्रियापद विध्यर्थी असते: घ्यावे, निवडावे, परतावे. कर्ता वाक्यातून लुप्त असतो, आणि ‘घ्यावे’ म्हणताना घेण्यासारखे घरात आहे, हे अध्याहृत असते.

१८७५ साली प्रसिद्ध झालेले ‘सूपशास्त्र’ रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या नावावर आहे. रांधणे बायकांचे आणि शास्त्र पुरुषाचे, ही विभागणी शीर्षकातच उमटली आहे. हाताच्या अंदाजाला ‘शास्त्र’ म्हटल्याने प्रतिष्ठा मिळाली खरी. मात्र ज्या हातांचा तो अंदाज, त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही. पुढे लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ (१९१०) या ग्रंथात स्त्री स्वतः ज्ञानकर्ती झाली. लेखिका पाठारे प्रभू समाजातील. तेव्हा मासळी आणि मांस तिथे कोणत्याही संकोचाविना येतात. मराठी अन्न म्हणजे शाकान्न, हे समीकरण मांडणाऱ्यांनी हा ग्रंथ उघडलेला दिसत नाही. तरीही त्यातील ‘गृहिणी’ साक्षर आहे आणि तिचे कोठार भरलेले आहे.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजवले. सासू किंवा आई जवळ नसलेल्या शहरी स्त्रीला या प्रमाणाने स्वावलंबी केले. ही मुक्ती लहान लेखण्याचे कारण नाही. मात्र वाटी जितकी सर्वांची वाटू लागली, तितकी तिच्यामागची जात बोलेनाशी झाली.

जिथे घेण्यासारखेच काही नव्हते, तिथल्या अन्नाची नोंद दुसऱ्याच वाङ्मयप्रकारात झाली. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) मेलेल्या जनावराचे मांस येते, बाळंतिणीची भूक येते, अन्न कुठून आले आणि ते कोणाच्या वाट्याला आले, हाच तिथे पहिला प्रश्न ठरतो. हे लेखन त्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून केले होते. अशा आत्मकथनांतील अन्नस्मृतींकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याचे काम पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ या पुस्तकाद्वारे केले.

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने (२०१५) मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न पाककृतींसह मांडले. शीर्षकातील एका अक्षराने ‘पूर्णब्रह्मा’ची सारी सात्त्विकता वादग्रस्त केली. मांसाच्या वाळवलेल्या चान्या हा इथे रुचिपालट नव्हे. मिळालेले मांस पुढच्या दिवसांना पुरवण्याची ती विद्या आहे. कृती सांगायची तर आधी टंचाई सांगावी लागते, आणि टंचाई सांगताना गावगाडा. ‘घ्यावे’ हे क्रियापद प्रथमच अडखळते.

आता एक अडचण उरते. ही विद्या मुख्यतः स्त्रियांची. ग्रंथकार पुन्हा पुरुष. ‘सूपशास्त्रा’शी याची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल, कारण पाटोळे आपल्याच घरच्या चुलीविषयी लिहितात आणि तिच्यावर शास्त्राचा शिक्का उमटवू पाहत नाहीत. परंतु चान्या वाळत घालणारी स्त्री या संहितेत बहुतांशी स्मरणाचा विषय म्हणूनच येते. विध्यर्थाआड लुप्त झालेली कर्ती ‘रुचिरा’त निदान मुखपृष्ठावर तरी आली होती.