तरुणांचीं गाणीं आणि पंडितांचे कान

तरुणांच्या आवडीचें संगीत वडील मंडळींस बहुधा गोंगाट वाटतें. विसाव्या शतकांत विद्वानांनीं त्याचा अभ्यास आरंभिला; परंतु ऐकणारास त्याच्याच घरीं जाऊन विचारावें, ही रीत पडण्यास बराच काळ जावा लागला.

हिटलरच्या जर्मनींतून बाहेर पडलेले तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो १९३८ सालीं न्यूयॉर्क येथें आले व नभोवाणीविषयक संशोधनांत काम करूं लागले. १९४१ सालीं जॉर्ज सिम्प्सन यांच्या साहाय्यानें लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं लोकप्रिय संगीताविरुद्ध कठोर निकाल दिला. हीं गाणीं एकाच सांच्यांतून निघतात, त्यांतील नवेपणा वरवरचा असतो आणि ऐकणाराची विचारशक्ति त्यांमुळें मंदावते, असा त्याचा सारांश होता. जनसमुदाय हुकूमशाहीपुढें कसा नमतो हें पाहिलेल्या पुरुषाची ही भीति होती. ती हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. तथापि ऐकणाराची बाजू त्याच्याच तोंडून त्या निबंधांत फारशी येत नाहीं.

१९५० सालीं अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ डेव्हिड रीसमन यांनीं तरुणांशीं झालेल्या संभाषणांच्या आधारें दाखविलें कीं, ऐकणारे सारे एका माळेचे मणि नसतात. बहुसंख्य तरुण प्रचलित गाण्यांत रमतात. थोडे मात्र तीं नाकारून जाणूनबुजून निराळें संगीत निवडतात.

पुढें इंग्लंडांत बर्मिंगहॅम विद्यापीठांत रिचर्ड हॉगर्ट यांनीं १९६४ सालीं संस्कृतीच्या अभ्यासाचें केंद्र स्थापिलें. तेथील पॉल विलिस हे मोटारसायकली उडविणाऱ्या कामगार तरुणांत मिसळले. बाजार नवीं गाणीं पुढें करीत असतां हे तरुण एल्व्हिस प्रिस्ले व बडी हॉली यांच्या जुन्या गाण्यांसच धरून होते. लांब ध्वनिमुद्रिकांपेक्षां एकेका गाण्याच्या लहान तबकड्या त्यांस प्रिय. कारण हवें तें गाणें हवें तेव्हां लावतां येई. सायमन फ्रिथ यांनीं १९७२ सालीं यॉर्कशायरमधील कीथली गांवच्या शाळेंत चौकशी केली. पुढें शिकणारांचा ओढा लांब ध्वनिमुद्रिकांकडे, तर शाळा लवकर सोडणारांचा नाचास सोयीच्या गाण्यांकडे आढळला. एका गांवांतील एका शाळेंतहि तरुणांचें संगीत एक नव्हतें.

या सर्व शोधांत एक मोठी उणीव होती. १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत अँजेला मॅकरॉबी व जेनी गार्बर यांनीं विचारलें, यांत मुली कोठें आहेत? संशोधक रस्त्यांवर व अड्ड्यांवर फिरत होते. तेथें मुलगे भेटत. मुलींच्या हातीं पैसा कमी, घरच्यांचा धाक अधिक. त्यांचें संगीत निजावयाच्या खोलींत, मैत्रिणींच्या संगतींत, भिंतीवरील गायकांच्या चित्रांखालीं चाले. त्या खोलीचें दार कोणीं ठोठावलेंच नव्हतें.

अडोर्नो यांची शंका यामुळें मिटली असें नाहीं. तीं चित्रें व त्या तबकड्याहि बाजारांतूनच आलेल्या होत्या, आणि आजहि श्रोत्यापुढें कोणतें गाणें ठेवावें हें बहुधा विकणाराच ठरवितो. परंतु विकत घेतलेल्या गाण्याचें घरीं काय होतें, याचें उत्तर विक्रीच्या आंकड्यांत सांपडत नाहीं. त्यासाठीं तें दार ठोठवावेंच लागतें.