गदगचे गुरुकुल

अंधांविषयी आपल्या समाजात करुणा पुष्कळ आढळते. त्यांच्याकडे गुरुपद सोपविण्याची तयारी मात्र क्वचितच दिसते. म्हणूनच हुबळीच्या पूर्वेस असलेल्या गदग येथील वीरेश्वर पुण्याश्रमाचा इतिहास मननीय ठरतो.

या परंपरेचे आद्य पुरुष पंचाक्षरी गवई (१८९२-१९४४) हे अंध होते. आजच्या हावेरी जिल्ह्यातील एका खेड्यातील या मुलाचा गळा हानगलच्या कुमारस्वामींनी हेरला आणि त्याच्या संगीतशिक्षणाची व्यवस्था केली. पंचाक्षरींनी हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धती आत्मसात केल्या. पुढे शिष्यांचा मेळा बरोबर घेऊन ते गावोगाव हिंडत व शिकवीत. हे फिरते गुरुकुल कालांतराने गदगला स्थिरावले.

तेथे अंध आणि डोळस मुले एकाच पंक्तीस बसून शिकली. हे शक्य झाले, कारण आपली संगीतविद्या मुळातच मुखोद्गत आहे. बंदिश गुरुमुखातून कानी येते आणि कानातून कंठात उतरते. तबल्याचे बोल आधी तोंडी बसतात, मग बोटांवर चढतात. ज्या विद्येची पोथी म्हणजे स्मरणशक्ती, तेथे दृष्टीचा अभाव हे उणेपण राहत नाही.

१९३६ साली विजयनगर साम्राज्याच्या षट्शताब्दीनिमित्त हंपी येथे झालेल्या समारंभात तरुण बसवराज राजगुरू गायले. त्यांच्या साथीस तबल्यावर खुद्द पंचाक्षरी गवई बसले होते. डोळस शिष्याला अंध गुरूचा आधार लाभल्याचे ते दृश्य होते. मराठी रसिक ज्यांच्या नाट्यपदांवरही लुब्ध झाले, ते राजगुरू या गुरुकुलाचीच देणगी होत.

१९४४ नंतर आश्रमाची धुरा पुट्टराज गवई (१९१४-२०१०) यांनी वाहिली. तान्हेपणीच दृष्टी गमावलेल्या या गुरूंनी अनेक वाद्यांवर प्रभुत्व मिळविले. कन्नड, हिंदी व संस्कृत या भाषांत ग्रंथरचना केली. आश्रमाच्या चरितार्थासाठी त्यांनी नाटक मंडळी चालविली. येथे मुलांच्या अन्नाचा भार केवळ दात्यांच्या औदार्यावर नव्हता. रंगभूमीही तो उचलीत होती. त्यांच्यापाशी बारा वर्षे राहून शिकलेले व्यंकटेशकुमार आज अग्रगण्य गायकांत गणले जातात. २०१० साली पुट्टराजांना पद्मभूषण किताब मिळाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

अर्थात आश्रमात शिकलेला प्रत्येक मुलगा मैफलीचा गवई होणे शक्यच नव्हते. परंतु मोठेपण केवळ नामवंतांच्या संख्येवर मोजावयाचे नसते. शिकवणी, साथसंगत वा कीर्तन करून स्वकष्टाची भाकरी खाता येणे, ही अंध मुलाच्या दृष्टीने थोडीथोडकी प्राप्ती नव्हे. दान घेणाऱ्या हातांना विद्या देणारे हात बनविले, हेच गदगच्या या गुरुकुलाचे खरे ऐतिहासिक कार्य होय.