शीलेन्ये स्मुत्ना प्रिन्त्सेझना : रुसलेल्या राजकन्येचा चेक संगीतपट

‘शीलेन्ये स्मुत्ना प्रिन्त्सेझना’ हा १९६८ सालचा चेक भाषेतील रंगीत संगीतप्रधान परीकथापट होय. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘वेड्यासारखी दुःखी राजकन्या’ असा होतो. दिग्दर्शन बोर्झिवोय झेमान यांचे, पटकथा झेमान आणि फ्रांतिशेक व्ल्चेक यांची, गीते इवो फिशर यांची आणि संगीत यान हामर यांचे. प्रागच्या बारांदोव्ह स्टुडिओची ही निर्मिती आहे. राजवाड्याची दृश्ये दक्षिण बोहेमियातील ब्लात्ना येथील, पाण्याच्या खंदकाने वेढलेल्या गढीत चित्रित झाली. हेलेना वोंद्राच्कोव्हा आणि वात्स्लाव नेत्स्कार्श हे त्या काळचे दोन लोकप्रिय तरुण गायक प्रमुख भूमिकांत आहेत, आणि पात्रांनाही त्यांचीच नावे दिली आहेत : राजकन्या हेलेना आणि राजपुत्र वात्स्लाव.

वरवर पाहता ही एक हलकीफुलकी प्रेमकथा आहे. मात्र परीकथेतील राजकन्या ज्या मुकाटपणे विजेत्याच्या गळ्यात माळ घालते, तो मुकाटपणा येथे नाही. आपला जोडीदार कोणी ठरवायचा, हा या चित्रपटातील खरा वाद आहे.

परीकथापटांची परंपरा

चेक भाषेत परीकथेला ‘पोहाद्का’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात बोझेना न्येम्त्सोव्हा (१८२०–१८६२) आणि कारेल यारोमीर एर्बेन (१८११–१८७०) यांनी लोककथा संकलित करून त्यांना वाङ्मयीन रूप दिले. जर्मन भाषेच्या वर्चस्वाखाली असलेल्या चेक समाजाला स्वभाषेचा अभिमान देण्यात या कथांचा मोठा वाटा होता. विसाव्या शतकात ही परंपरा चित्रपटाकडे आणि दूरदर्शनकडे आली. नाताळच्या पूर्वसंध्येला घरातील लहानथोरांनी एकत्र बसून दूरदर्शनवर परीकथा पाहायची, ही रीत चेक घरांत आजही पाळली जाते.

झेमान (१९१२–१९९१) हे या प्रकारातील अग्रगण्य दिग्दर्शकांपैकी एक. त्यांच्या तीन परीकथापटांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९५२ सालचा ‘पिश्ना प्रिन्त्सेझना’, म्हणजे ‘गर्विष्ठ राजकन्या’, हा न्येम्त्सोव्हा यांच्या कथेवर आधारलेला होता. त्यात राजा मिरोस्लाव माळ्याचा वेश घेऊन राजकन्या क्रासोमिला हिचा गर्व उतरवतो. तिच्या राज्यात गाण्यालाच बंदी असते. पुढे दोन वर्षांनी आलेल्या ‘बिल येदनोउ येदेन क्राल’ या चित्रपटात चूक वडिलांची होती. मुलीने आपल्या प्रेमाला मिठाची उपमा दिली म्हणून रागावलेल्या राजाला मिठाची किंमत उशिरा कळते. यान व्हेरिख यांनी हा राजा अजरामर केला. पहिल्या चित्रपटात मुलीला शहाणपण शिकवावे लागले, दुसऱ्यात बापाला. १९६८ सालच्या तिसऱ्या चित्रपटातील राजकन्या मात्र शहाणपण घेऊनच पडद्यावर येते. शिकायची वेळ येते ती तिच्या भोवतालच्या मोठ्या माणसांवर.

कथानक

दोन शेजारी राजे परस्परांचे स्नेही आहेत. मैत्री पक्की व्हावी आणि दोन्ही राज्यांत शांतता नांदावी, म्हणून ते आपल्या मुलांचे लग्न परस्पर ठरवतात. हेतू वाईट नाही. परंतु मुलाला वा मुलीला विचारण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. न पाहिलेल्या वधूशी लग्न करण्यास राजपुत्र तयार नाही आणि राजकन्येलाही हे लादलेले लग्न मान्य नाही.

नंतर योगायोगाने दोघांची भेट होते, तीही समोरची व्यक्ती कोण हे ठाऊक नसताना, आणि दोघे प्रेमात पडतात. ज्या जोडीचा वडिलांनी हट्ट धरला, तीच जोडी आपणहून जुळते. प्रेक्षकाला हे ठाऊक असते, वडिलांना नसते. राजपुत्राच्या नशिबी दरम्यान तुरुंगाची कोठडी येते आणि गोष्ट लांबत जाते.

या गुंत्यात राजकन्या दुःखाचा आव आणते. ती हसत नाही, कशात रमत नाही, कोणाचे सांत्वन स्वीकारत नाही. हवालदिल झालेला राजा अखेर दवंडी पिटतो : जो तिला हसवील, त्याला ती दिली जाईल.

पण आणि प्रतिस्पर्धी

न हसणाऱ्या राजकन्येचा विषय युरोपीय लोककथांत जुना आहे. ग्रिम बंधूंच्या ‘सोनेरी हंसी’च्या कथेत, हंसीला चिकटलेल्या माणसांची मिरवणूक पाहून राजकन्येला हसू फुटते आणि ज्याला सगळे भोळसट समजतात तो धाकटा मुलगा जिंकतो. स्वयंवराचे पण ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकालाही ही रचना परकी वाटणार नाही. कोणी धनुष्य उचलायचे, कोणी मत्स्यवेध करायचा, येथे हसवायचे इतकेच.

धनुष्याच्या पणात निकाल धनुष्य देते. हसण्याच्या पणात निकाल ज्या मुलीसाठी पण लावला तिच्याच ओठांवर असतो. राजकन्येचे दुःख खोटे असल्याने कोणत्या उमेदवाराला हसायचे आणि कोणाला नाही, हे तीच ठरवते. इच्छुक वर येतात, आपापली करामत दाखवतात आणि तिच्या कोऱ्या चेहऱ्यापुढे हरतात. दवंडी वडिलांच्या नावाने पिटली गेली, निवड मात्र मुलीच्या हाती राहिली. जुन्या पणाचा साचा न मोडता त्याचा अर्थ पालटून टाकणे, ही पटकथेतील सर्वांत मोठी गंमत आहे.

राजपुत्राचे खरे प्रतिस्पर्धी या रांगेत उभेही नाहीत. ते दरबारात बसले आहेत. राजांच्या दोन सल्लागारांना शांतता नको आहे, कारण युद्धात त्यांचा फायदा आहे. त्यांना नावेही नाहीत. चित्रपटात ते ‘इक्स’ आणि ‘इप्सिलॉन’ आहेत, म्हणजे आपल्या बीजगणितातील ‘क्ष’ आणि ‘य’. योसेफ केम्र आणि दारेक वोस्त्रझेल यांनी या भूमिका केल्या. या दोघांच्या तोंडी कटाचे एक खुसखुशीत गाणे आहे, ‘कुय्मे पिक्ले’. मराठीत कट शिजतो. चेक भाषेत तो लोहाराने लोखंड घडवावे तसा घडवला जातो, आणि गाण्याचे शीर्षक त्याच वाक्प्रचारातून आले आहे. बोहुश झाहोर्स्की आणि यारोस्लाव मारवान या ज्येष्ठ नटांनी दोन्ही राजे रंगवले. स्वभावाने भले, पण कान हलके, असे हे राजे असल्याने कट शिजायला वेळ लागत नाही. अखेरीस प्रेम जिंकते आणि युद्धाचा बेत फसतो.

गीत-संगीत

गाण्यांना आधुनिक लोकप्रिय संगीताचा ठेका आहे. पोशाख दरबारी आणि चाली साठीच्या दशकातल्या, या विसंगतीतच चित्रपटाचा ताजेपणा आहे. फिशर यांनी शब्दांशी केलेला खेळही सुरेख आहे. ‘मिलुयु आ मालुयु’ या गाण्याच्या शीर्षकात ‘मी प्रेम करतो’ आणि ‘मी रंगवतो’ हे अर्थ केवळ एका स्वराच्या फरकाने शेजारी येतात. दोघांनी गायिलेले जुन्या बागेविषयीचे गाणे चित्रपटाबाहेरही लोकप्रिय झाले.

संगीतकार यान हामर यांचा जन्म १९४८ सालचा. म्हणजे हे संगीत जेमतेम विशीतल्या तरुणाचे आहे. आई व्लास्ता प्रूखोव्हा या जॅझ गायिका, वडील पेशाने डॉक्टर आणि हौसेने वादक. मिरोस्लाव आणि अलान व्हितोउश या बंधूंसह हामर किशोरवयातच जॅझ वाजवू लागले होते.

१९६८ आणि त्यानंतर

त्या वर्षाच्या जानेवारीत अलेक्झांडर दुबचेक कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले आणि ‘प्राग वसंत’ म्हणून ओळखले जाणारे सुधारणांचे पर्व सुरू झाले. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत नेतृत्वाखालील वॉर्सा करारातील देशांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि ते पर्व चिरडले गेले. पडद्यावर युद्धाचा बेत उधळून लावणाऱ्या कलावंतांच्या देशात त्याच वर्षी रणगाडे आले.

हामर यांनी देश सोडून अमेरिका गाठली. १९७१ साली ते जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’त कीबोर्डवादक म्हणून दाखल झाले. ‘महाविष्णू’ हे नाव मॅक्लॉक्लिन यांना त्यांचे भारतीय गुरू श्री चिन्मय यांनी दिले होते. याच मॅक्लॉक्लिन यांनी पुढे झाकीर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ स्थापन केली. १९८५ साली ‘मायामी व्हाइस’ या मालिकेचे हामर यांचे शीर्षकसंगीत अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

नेत्स्कार्श हे यिर्झी मेंझेल यांच्या ऑस्करविजेत्या ‘ओस्त्र्शे स्लेदोव्हाने व्लाकी’ या १९६६ सालच्या चित्रपटाचे नायक. याच मेंझेल यांना २०१३ साली गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. १९६८ च्या नोव्हेंबरात नेत्स्कार्श, वोंद्राच्कोव्हा आणि मार्ता कुबिशोव्हा यांनी ‘गोल्डन किड्स’ हे त्रिकूट उभे केले. आक्रमणानंतर कुबिशोव्हा यांचे गाणे प्रतिकाराचे प्रतीक ठरले होते. १९७० साली बनावट छायाचित्रांचा आधार घेऊन त्यांच्यावर बंदी घालण्यात आली आणि त्रिकूट संपले. १९८९ च्या सत्तांतरापर्यंत त्यांना जाहीरपणे गाता आले नाही. उरलेले दोघे गात राहिले.

चित्रपटही टिकून राहिला. परीकथा मुलांची म्हणून तिच्याकडे कोणी फारशा संशयाने पाहत नाही, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण गोष्टीतच आहे. राजकन्या कोणाला उपदेश करीत नाही, बंड पुकारत नाही, घर सोडूनही जात नाही. तिच्या मनासारखे होईपर्यंत ती फक्त हसायला नकार देते. पाच दशकांहून अधिक काळ चेक मुले तिचे हे दुःख पाहत मोठी झाली आहेत, आणि ते खोटे आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असते.