जीवशास्त्राच्या पदवीला व्यवसायाची जोड : पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातील बदल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येतात ते यंत्रमाग, टॉवेल आणि चादरी. सूक्ष्मजीवशास्त्राचा या वसाहतीशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात मागावर चढण्यापूर्वी ताण्याला जी खळ दिली जाते, ती विणकामानंतर काढण्याचे काम एक जैविक विकर करते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी विद्यार्थी ज्या अमायलेजची व्याख्या पाठ करतात, तेच हे विकर. पुस्तकातील व्याख्या आणि कारखान्यातील हंडा यांच्यात आजवर अभ्यासक्रमाने क्वचितच पूल बांधला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षाची जी फेररचना झाली, तिच्याकडे सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी या दृष्टीने पाहावयास हवे.

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१९ मध्ये त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे झाले. जुन्या पद्धतीत विज्ञान शाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय घेई आणि जोडीला इंग्रजी. वाणिज्य शाखेचा वर्ग शेजारच्याच इमारतीत भरत असला, तरी त्याचे दार विज्ञानाच्या विद्यार्थ्याला बंद असे.

नव्या रचनेत हे दार काही अंशी उघडले आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालये व विद्यापीठ विभागांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. मुख्य विषयांबरोबर ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि राष्ट्रीय सेवा योजना किंवा क्रीडा यांसारखे सहअभ्यासक्रम अशी विभागणी झाली. मार्च २०२४ मध्ये शासनाने तीत सुधारणा केली. तिचे सूत्र असे, की पहिल्या वर्षी तीन विषय शिकावेत, दुसऱ्या वर्षी त्यांतील एक मुख्य व एक गौण म्हणून ठेवावा आणि तिसरा सोडावा.

यातील ओपन इलेक्टिव्ह हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षितही. हा विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी येथे लेखाशास्त्राची तोंडओळख, विपणन किंवा उद्योजकता घेऊ शकतो. ब्रिटनमधील काही विद्यापीठे जीवशास्त्र आणि व्यवसाय यांची जोडपदवी देतात. तेथे व्यवस्थापनाचे विषय पहिल्या वर्षापासून ठरलेले असतात. आपल्याकडे ती जोड विद्यार्थ्याने स्वतः जमवावयाची आहे. बहुतेक जण मात्र सोपा पेपर कोणता, एवढेच विचारून अर्ज भरतात. महाविद्यालयांचीही अडचण आहे. जेथे केवळ विज्ञान शाखा आहे, तेथे वाणिज्याचा अध्यापक आणावयाचा कोठून? अशा ठिकाणी स्वयम् या केंद्रीय ऑनलाइन व्यासपीठाचा मार्ग खुला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करता येतात. त्यासाठी आपल्या महाविद्यालयाची मान्यता मात्र आधी घ्यावी.

या जोडीचा उपयोग काय, याचे उत्तर टॉवेलच्या प्रक्रियेत सापडते. खळीतील स्टार्च पाण्यात सहज विरघळत नाही. ते आम्लाने काढावे तर सुताला इजा होण्याची भीती. अमायलेज स्टार्चचे विद्राव्य शर्करांत विघटन करते आणि कापसाच्या सेल्युलोजला हात लावत नाही. पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन झाल्यावर कापडात उरलेले पेरॉक्साइड रंग बिघडवते. ते घालविण्यासाठी वारंवार धुवावे तर पाणी जाते. कॅटालेज हे विकर वापरल्यास त्याचे पाणी व प्राणवायू होतात आणि धुण्याच्या फेऱ्या वाचतात. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात या बचतीचे मोल वेगळे सांगावयास नको. सेल्युलेजने कापडावरील लव कमी होते; पण मात्रा किंवा वेळ चुकली तर कापडाचे वजन व मजबुती दोन्ही घटतात. आणि टॉवेलचा व्यापार तर वजनावर चालतो.

येथे जीवशास्त्राची हद्द संपून हिशेब सुरू होतो. विकर महाग, परंतु वाफ, पाणी आणि वेळ यांची बचत धरली तर एका खेपेला खर्च किती? धुऊन निघालेला स्टार्च सांडपाण्यात जातो आणि त्याची जैवरासायनिक प्राणवायूची गरज वाढवितो. त्यावरील प्रक्रियेचा खर्च कोणत्या खात्यावर मांडावयाचा? हे प्रश्न केवळ रसायनशास्त्र शिकलेल्याला सुटत नाहीत आणि केवळ बी.कॉम. झालेल्याला पडत नाहीत. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. त्या मानांकनाचा व्यापारी उपयोग कसा करावा, हाही याच जोडविषयाचा भाग. केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, तेल्या रोगाशी झुंजणारे बागायतदार आणि जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्या हीदेखील याच अभ्यासाची उदाहरणे ठरतील.

श्रेयांकांचा हिशेबही विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. तासिकेचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे १ श्रेयांक. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक पूर्ण करून शिक्षण थांबविणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी ४ श्रेयांकांचे जादा कौशल्य प्रशिक्षण किंवा इंटर्नशिप आवश्यक आहे. पुढे तीन वर्षांच्या आत परतता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. घरचा माग सांभाळून शिकणाऱ्या मुलांना ही तरतूद आधाराची आहे, पण तीच शिक्षण अर्धवट सोडण्याची वाटही होऊ शकते. प्रमाणपत्र ही पदवी नव्हे, हे पालकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

खरी कसोटी पहिल्या वर्षाच्या अखेरीस असते. तिन्हींतील कोणता विषय सोडावयाचा, हे तेव्हा ठरवावे लागते. रसायनशास्त्र अवघड म्हणून सोडणाऱ्याने एक गोष्ट आधी तपासावी : कापड प्रक्रिया, औषधनिर्माण आणि सांडपाणी शुद्धीकरण या तिन्ही ठिकाणी प्रयोगशाळेत प्रवेश मिळविताना त्याच विषयाबद्दल प्रथम विचारणा होण्याची शक्यता असते. दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरण्यापूर्वी एमआयडीसीतील एखाद्या प्रक्रिया कारखान्याची प्रयोगशाळा महाविद्यालयामार्फत परवानगी घेऊन पाहून यावी. अर्धा दिवस त्यास पुरेसा होतो.