प्लेगच्या जंतूने काय कमावले, काय गमावले

१९९४ चा सप्टेंबर श्रोत्यांपैकी अनेकांना आठवत असेल. सुरतेहून आलेल्या गाडीतून माणसे तोंडाला रुमाल बांधून उतरत होती. त्याआधी आपल्या बीड जिल्ह्यातून प्लेगची बातमी आली होती. बीडला जांघेत, काखेत गाठी. सुरतेला खोकला आणि न्यूमोनिया. मला तेव्हा प्रश्न पडला, जंतू एकच, मग तो कधी गाठीत, कधी फुफ्फुसात कसा ठाण मांडतो?

हा जंतू येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगला शोधला. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे : घरझडत्या, पुण्यात रँडचा खून, रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई. सरकार गटारे धूत होते. उंदीर पडू लागले की गावाबाहेर झोपड्या घालाव्यात, हे शहाणपण लोकांपाशी होते. पिसू हा प्लेगचा वाहक असल्याचे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले, पण बराच काळ त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही.

या जंतूचे कूळ मात्र जीनोम वाचता येऊ लागल्यावरच उलगडले. त्याचा पूर्वज आतड्यात राहणारा. अन्नपाण्यातून शिरायचे, ताप आणि पोटदुखी आणायची, एवढाच त्याचा उद्योग. काही हजार वर्षांपूर्वी त्याची एक शाखा फुटली. २०१५ मध्ये युरोप-आशियातील कांस्ययुगीन सांगाड्यांच्या दातांतून प्लेगचा डीएनए मिळाला. त्यातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ‘वायएमटी’ हे जनुक नव्हते. या जनुकावाचून जंतू पिसवेच्या पोटात तग धरत नाही. म्हणजे प्लेग होता, पण पिसवांमार्फत तो सहजी पसरत नव्हता.

मला जास्त नवल वाटते ते त्याने गमावलेल्या गोष्टींचे. पूर्वजाचे युरिएज हे विकर पिसवांना मारक होते. ते बनवणारे एक जनुक बिघडले आणि वाहन जिवंत राहू लागले. आणखी काही जनुके बंद पडल्यावर जंतूंचा चिकट थर पिसवेच्या घशाशी दाटू लागला. रक्त पोटात उतरत नाही, म्हणून उपाशी पिसू पुनःपुन्हा चावते आणि जंतू जखमेत ओकते. आतड्याच्या भिंतीला चिकटण्याची जनुकेही मोडली. ती आजही त्याच्या जीनोममध्ये निकामी पडून आहेत.

आता फुफ्फुस. ‘पीएलए’ हे जनुक रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारे प्रथिन बनवते. प्लेगच्या एका जुन्या शाखेत ते नाही. २०१५ मध्येच अमेरिकी संशोधकांनी त्या शाखेतल्या जंतूत हे एक जनुक घातले, तेव्हा उंदरांना जोरदार न्यूमोनिया झाला. पुढे या प्रथिनातले एकच अमिनो आम्ल बदलले आणि त्वचेतून शिरलेला जंतू गाठीपलीकडे, साऱ्या शरीरात खोल पसरू लागला. फुफ्फुसाचा प्लेग म्हणजे गाठीच्या प्लेगचे पुढे बिघडलेले रूप, असे मी समजत होतो. या प्रयोगांवरून क्रम उलटा दिसतो : फुफ्फुस पोखरण्याची ताकद आधी आली, त्वचेतून सर्वांगात पसरण्याची नंतर.